शुगरचा सेन्सर: नेट गेलं तर अलार्म वाजतो का?

रातकिडा:
बाबा इन्शुलिनवर आहेत, रात्री शुगर खाली जाते म्हणून डॉक्टरांनी दंडावर लावायचा सीजीएम (सतत शुगर मोजत राहणारा) सेन्सर दिलाय. घरी आईबाबा दोघंच, मी लांब, त्यामुळे फॉलोअर अॅपवर मला आकडे दिसतात याचा मोठा आधार आहे. पण परवा मध्यरात्री आकडे यायचेच बंद झाले, मी घाबरून फोन केला, दोघांची झोपमोड, आणि शुगर निघाली नॉर्मल, नुसतं वायफाय गेलेलं. आता बाबा म्हणतात काढून टाका हे लचांड. नेट नसताना खरंच शुगर खाली गेली तर त्यांच्याकडे अलार्म वाजेल का सगळं क्लाउडच्या भरवशावर आहे? शिवाय भाऊ म्हणतो असली यंत्रं हॅक होतात, कितपत खरं?

तारयंत्र:
वाजेल. सेन्सर ब्लूटूथने बाबांच्या फोनशी बोलतो, त्याला नेट लागत नाही, आणि शुगर ७० च्या खाली गेली का ते अॅप तिथल्या तिथे फोनमध्येच ठरवतं. क्लाउडचं काम त्यानंतरचं, फोन आकडे सर्व्हरला पाठवणार आणि तिथून ते तुम्हाला नि डॉक्टरांना दिसणार. म्हणजे नेट गेलं की आंधळे तुम्ही होता, ते नाही. २०१९ च्या नोव्हेंबरअखेर डेक्सकॉम या सेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर बसले तेव्हा हेच झालं, पेशंटला स्वतःचे आकडे दिसत होते पण लांबून लक्ष ठेवणाऱ्या आईवडलांना अलर्टच गेले नाहीत, आणि अलर्ट बंद आहेत हेही कितीतरी जणांना कळलं नाही. म्हणून 'डेटा येत नाही' हा अलर्ट बंद करू नका, फक्त तो वाजला की लगेच शुगरच पडली असं धरू नका.

पानसुपारी:
तारयंत्र, इतकं छातीठोक 'वाजेल' नका हो सांगू. खरा घोळ फोनचा असतो. रात्री सायलेंटवर टाकलेला, बॅटरी वाचवायच्या नादात अॅप मागच्या मागे बंद केलेलं, अपडेट झालं की नोटिफिकेशनची परमिशन गेलेली. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, २०२५ च्या फेब्रुवारीत नेमका यावरच इशारा दिला होता, त्यात ब्लूटूथ हेडफोन जोडल्यावर अलार्म ऐकू न येण्याचाही प्रकार होता. आम्ही आजीसाठी कंपनीचा वेगळा रिसीव्हर घेतला, तो उशाशी असतो, त्यावर ना व्हॉट्सअॅप ना काही. आणि तुमचा सेन्सर फोन जवळ नेऊन स्कॅन करायच्या जुन्या प्रकारातला नाही ना ते बघा, त्यातले काही आपणहून अलार्मच देत नाहीत.

कळसूत्री:
हॅकचं म्हणाल तर भावाचं अगदीच खोटं नाही. जे रॅडक्लिफ या डायबेटिक संशोधकाने २०११ मध्ये स्वतःचाच इन्शुलिन पंप हॅक करून दाखवला होता. २०१७ मध्ये अॅबट कंपनीच्या पेसमेकरांना याच भीतीने फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट द्यावं लागलं, एकट्या अमेरिकेत असे सुमारे ४ लाख ६५ हजार होते. पण बाबांचा सेन्सर नुसता मोजतो, औषध सोडत नाही, त्यामुळे मी त्याची काळजी नाही करणार. मी काळजी करीन ती क्लाउडच्या अकाउंटची. पासवर्ड बाबांची जन्मतारीख असेल तर आजच बदला (असतेच!).

रातकिडा:
जन्मतारीखच होती 😅 बदलला. आता अजून एक, काल रात्री ५८ चा अलार्म बाबांच्या फोनवर व्यवस्थित वाजला, आईने लगेच बोट टोचून बघितलं तर ९६. सेन्सर खराब निघाला का?

पानसुपारी:
त्याच कुशीवर झोपले होते का?

रातकिडा:
हो!! तुम्हाला कसं कळलं?

पानसुपारी:
आजीचं सुरुवातीला रोज व्हायचं. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि दंड अंगाखाली दाबला गेला की आकडा खोटाच खाली जातो. कूस बदलली की थोड्या वेळात वर येतो. पण घाम, थरथर असलं काही असेल तर आकडा चांगला दिसला तरी बोट टोचून बघायचंच. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावा, नाहीतर बाबा खरंच काढून फेकतील.