पारावरच्या वडाचा घेर कोठे मोजावा?

प्रश्न

आमच्या तालुक्यातील जुन्या झाडांची नोंदवही मी दोन वर्षे ठेवत आहे; वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही, केवळ हौस आहे. घेर, उंची, फांद्यांचा पसारा आणि ठिकाण एवढे लिहितो. मारुतीच्या देवळापुढील वडापाशी मात्र अडलो आहे. त्याच्याभोवती कमरेइतका उंच दगडी पार आहे, काही पारंब्या बुंध्याशी एकजीव झाल्या आहेत आणि वर वटपौर्णिमेच्या दोऱ्यांचा जाड थर आहे. घेर नेमका कोठे घ्यावा? गावकरी वय चारशे वर्षे सांगतात, तेही लिहावे का?

उत्तर १

छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर घेण्याची आपल्याकडे रीत आहे. पारामुळे मूळ जमीन झाकली गेली असेल, तर पाराच्या माथ्यापासून ही उंची धरावी आणि पार किती उंच आहे ते शेजारीच लिहावे, म्हणजे पुढे कोणी पुन्हा मोजले तर आकडे ताडून पाहता येतील. दोरे तोडू नयेत. टेप थराच्या किंचित वर धरून ती उंची नोंदवावी. जमिनीत रुजलेल्या सुट्या पारंब्या घेरात न धरता वेगळ्या मोजाव्यात.

उत्तर २

वडाच्या बाबतीत घेरापेक्षा पसाऱ्याला मी अधिक महत्त्व देतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले, तरी झाड पारंब्यांच्या आधारावर वाढतच राहिले. तेथे बुंध्याचा घेर विचारण्यात अर्थच नाही. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर अशी दोन मापे घेऊन सरासरी काढावी.

उत्तर ३

घेराला ठरावीक आकड्याने भागून वय काढण्याचे सूत्र वडाला लावू नका, कारण पारंबी खोडात मिसळली की घेर एकदम वाढतो आणि वडाच्या लाकडात वर्षावलयेही स्पष्ट नसतात. चारशे हा आकडा ‘गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार’ असे म्हणून जरूर लिहा, पण मोजमापांच्या रकान्यात नको. वय ही नुसती कुतूहलाची बाब राहिलेली नाही: राज्याच्या नागरी भागांसाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. काल पार मोजला, ८२ सेंटिमीटर भरला. पूर्वेकडच्या एका दगडावर चुन्याखाली ‘शके १८’ एवढे वाचता आले, पुढचे दोन अंक पुसट आहेत. पार बांधला तेव्हा झाड उभे होते, इतके तरी आता पुराव्यानिशी लिहिता येईल.