मदत हवी आहे: सोनं-पॅलेडियम उत्प्रेरकाच्या बेडची (नळीत भरलेल्या थराची) कन्व्हर्जन ८ तासांत घसरते

बेंझाइल अल्कोहोल ते बेंझाल्डिहाइड, ऑक्सिजनने ऑक्सिडेशन. ४ मिमी आतल्या व्यासाची स्टीलची नळी, ३०० मिग्रॅ १% सोनं-पॅलेडियम टायटानियावर (टायटॅनियम डायऑक्साइड), सिलिकॉन कार्बाइडमध्ये मिसळून. पॅरा-झायलीनमध्ये ०.५ मोलर द्रावण ०.२ मिली/मिनिट, नायट्रोजनमध्ये ८% ऑक्सिजन २० मिली/मिनिट, १०० अंश, ५ बार. (टोल्यूइन सॉल्व्हेंट मुद्दाम टाळलं; डिस्प्रोपोर्शनेशनमधून, म्हणजे दोन अल्कोहोल रेणूंचं एक बेंझाल्डिहाइड आणि एक टोल्यूइन होताना, तेच बनतं, मग मोजणार काय?)

कन्व्हर्जन (बदललेल्या अल्कोहोलचं प्रमाण) ८५ वरून ५० टक्क्यांवर येते, टोल्यूइन मात्र वाढतं. प्रेशर ड्रॉप स्थिर. बाहेर पडणाऱ्या द्रावणात आयसीपीला (सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारी चाचणी) धातू सापडत नाही. पातळ सोडियम कार्बोनेटने धुतल्यावर बरीच ॲक्टिव्हिटी परत येते, म्हणून संशय सिंटरिंगपेक्षा (धातूचे कण एकत्र येऊन मोठे होणं) चिकटलेल्या बेंझोइक ॲसिडवर.

ऑक्सिजन गरजेच्या जेमतेम दीडपट, तेव्हा बेडचं शेपूट ऑक्सिजनविना उपाशी राहत असावं. गॅस दोन ठिकाणी सोडावा, की फीडमध्येच थोडं पाणी द्यावं? कोणी करून पाहिलंय?