बार्बेरिनी फलकाची प्रतिकृती म्हशीच्या हाडात: रुंदी पुरत नाही, पट्ट्या तडकतात

सावलीचे_कलाशिक्षक
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कलाप्रदर्शनासाठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या हस्तिदंती बार्बेरिनी फलकाची (सहावं शतक, घोड्यावरचा सम्राट) मूळ मापाची प्रतिकृती आठवी-नववीच्या पोरांकडून करून घ्यायची आहे. माल म्हशीच्या नळीचा, म्हणजे पायाच्या लांब हाडाचा. नळीतून तीन-साडेतीन सेंमीपेक्षा रुंद सपाट पट्टी निघत नाही. उकळून साफ केलेल्या हाडाच्या कडा कानस लावताच भुरभुरतात. न उकळलेली हाडं पंधरवड्यात पिवळी पडतात. सागाच्या फळीवर फेविकॉलनं आडव्या बसवलेल्या पट्ट्या एप्रिलमध्ये लांबीत, अगदी मधोमध तडकल्या. मूळ कारागिरांना एवढी रुंदी मिळायची कशी? आणि गावातल्या एका वाड्यात जुनी हस्तिदंती फणी आहे, द्यायला तयार आहेत. घोडेस्वारासाठी कापावी का?

नळीकाम
सर, रुंदी त्यांनाही मिळत नव्हतीच. म्हणून तर तो फलक पाच तुकड्यांचा आहे: मधला मोठा, दोन बाजूचे, वर एक, खाली एक, आणि सगळे खाचेत जीभ बसवून जोडलेले. पूर्ण माप 34.2 × 26.8 सेंमी, पण मधला तुकडा फक्त 19 × 12.5. (उजव्या बाजूचा हरवलाय, आज चारच अस्सल आहेत.) सुळा बुडाकडं पोकळ असतो, टोकाकडं निमुळता. सलग फळी निघते ती मधल्या भरीव भागातून, आणि तिची रुंदी सुळ्याच्या व्यासापेक्षा जास्त होऊच शकत नाही. ब्रिटिश म्युझियममधला देवदूताचा फलक 42.8 × 14.3 सेंमीचा आहे. टिकून राहिलेल्या बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) हस्तिदंती फलकांत तो सगळ्यात मोठा. त्यावरून अंदाज घ्या.

हे मोठे सुळे बहुतेक आफ्रिकेतले. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस लिहून गेलाय की इथिओपियाकडच्या हत्तींचे सुळे मोठे असतात आणि ते भारतातसुद्धा जातात. गंमत अशी की बार्बेरिनीच्या खालच्या पट्टीत उजवीकडं नजराणा घेऊन आलेली माणसं भारतीय समजली जातात. त्यांच्यासोबत सुळा आहे, छोटा हत्ती आहे आणि वाघ आहे. ताडोब्याच्या शेजारच्या पोरांना तेवढा वाघ नक्की दाखवा.

तरी माझं स्पष्ट मत, हाडात बार्बेरिनी करू नका. मधला तुकडा 2.5 सेंमी जाड आहे आणि घोड्याचं तोंड जवळजवळ सुटं कोरलंय. तुमच्या नळीची भिंत घासून झाल्यावर पाचेक मिमी उरेल. चिकटवून रुंदी वाढवली तर प्रत्येक जोड सम्राटाच्या चेहऱ्यावरून जाईल.

त्याऐवजी दहाव्या-अकराव्या शतकातली फुलांच्या चकत्यांची पेटी घ्या. सातव्या शतकानंतर हस्तिदंत दुर्मीळ झाला, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) कारागिरांनी लाकडी पेटीवर अरुंद पट्ट्या जडवल्या, आणि त्यातल्या कितीतरी हाडाच्याच आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वेरोली पेटीसुद्धा हाड आणि हस्तिदंत मिळून केलेली. तुमची तीन सेंमीची पट्टी तिथं कमी पडत नाही, तेच तिचं माप.

आता भुरभुरीचं. फार वेळ उकळलं की हाडातलं चिवट द्रव्य विरघळून सरस होतं आणि मागं खडू उरतो. नळीची दोन्ही टोकं कापा, मगज काढा, हात सोसेल एवढ्या कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकून चार-पाच दिवस ठेवा आणि पाणी रोज बदला. पिवळेपणा म्हणजे आत राहिलेली चरबी. ती निघाल्याशिवाय पांढरं करून उपयोग नाही, डाग परत वर येतो. नंतर मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, एक-दोन दिवस. ब्लिचिंग पावडर अजिबात नको, ती हाड आतून खाते. वाळवण सावलीत, गोणपाटाखाली, निदान तीन आठवडे.

कोरताना पट्टी ओलसर ठेवा. आधी चकतीचं वर्तुळ कंपासच्या टोकानं ओरखडून घ्या, पाकळ्यांच्या बेचक्यात सामत्यानं किंवा हातड्रिलनं उथळ भोकं पाडा, मग बारीक पटाशीनं जमीन (फुलाभोवतीची मोकळी जागा) खाली उतरवा. पाच मिमीत उठाव दोन-अडीचच्या पुढं नेऊ नका. पटाशी हाडाच्या रेषेच्या (तंतूंच्या दिशेच्या) उलट मारली की पाकळीचं टोक उडालंच म्हणून समजा. शेवटी 240, 400, 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत आणि वरून ओल्या फडक्यावर खडूची पूड. कोरडं घासू देऊ नका, ती धूळ छातीत जाते.

वऱ्हाडी_सुतार
अजी सर, तडकण्याचं कारण तुमच्या 'आडव्या' या शब्दातच हाये. लाकूड रेषेच्या दिशेनं हालत नाही, आडव्या अंगानं आकसते. हाडाचंही तसंच. तुम्ही पट्टी आडवी लावली, मंग तिची रुंदी आली फळीच्या न हालणाऱ्या दिशेवर. उन्हाळ्यात पट्टी रुंदीत आकसू पाहते, फेविकॉल दोन्ही कडा धरून ठेवते, तं ती मधातून फाटणारच.

पट्टीची रेष आणि सागाची रेष एकाच दिशेनं ठेवा. फेविकॉल लावूच नका. जुन्या पेट्यांसारख्या खुंट्या मारा: दोन मिमीच्या हाडाच्या काड्या, पट्टीच्या मधल्या रेषेवरच, एका पट्टीले तीन. कडेले खुंटी मारली का पुन्हा तोच घोळ. भोक आधी पाडा, खुंटी ठोकून भोक करू नका. दोन पट्ट्यांमधी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा, नाही तं पावसाळ्यात फुगून एकमेकीले उचलतात.

रानवाट
फणीला हात लावू नका. हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या परिशिष्ट 1 मध्ये आहे. मालकीच्या दाखल्याशिवाय हस्तिदंत बाळगणं हाच गुन्हा, मग वस्तू आजोबांची असो की पणजोबांची. शाळेच्या प्रदर्शनात ती दिसली तर जाब तुम्हाला विचारतील. वाड्यातल्यांनाच वनखात्याकडं चौकशी करायला सांगा.

ती हस्तिदंतीच आहे का, हे मात्र न कापता बघता येतं. सुळ्याच्या आडव्या छेदाकडची कड भिंगाखाली धरा. एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. बारीक काळसर ठिपके किंवा चिरट्या दिसल्या तर हाड. अगदी एकसारख्या समांतर रेषा असतील तर सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक). तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, वस्तू कायमची डागते.

सावलीचे_कलाशिक्षक
पेटीच करतो. रंग द्यावा का? काही चित्रांत लाल-निळं दिसतं.

नळीकाम
काही जुन्या फलकांवर लाल, निळा आणि सोन्याच्या मुलाम्याचे अंश सापडतात. पण रंग मूळचा किती आणि नंतर कोणी चढवलेला किती, यावर जाणकारांत एकमत नाही. एका चकतीच्या फक्त जमिनीला पातळ लाल देऊन बघा, पाकळ्या कोऱ्या ठेवा. पॉलिश आधी करा, नाहीतर रंग पाकळ्यांच्या ओरखड्यांत शिरून बसतो आणि घासूनही निघत नाही.