विषय: शनिवारचा वादविवाद, ठरावाच्या बाजूने वक्ता हवा (तातडीचे)

प्रेषक: वहिनी, कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

शनिवारी ठरावाच्या बाजूने बोलणार होते त्यांना कामानिमित्त ह्यूस्टनला जावं लागतंय. विरोधात बोलायला तिघं तयार आहेत, बाजूने एकही नाही. ठराव आधी कळवला तोच: 'मावळत्या नेत्याने परदेशात केलेले लष्करी करार पुढच्या नेत्यावर बंधनकारक असावेत.' उदाहरण दोहा कराराचं, म्हणजे अफगाणिस्तानातून सैन्य काढण्यासाठी ट्रम्प यांच्या काळात अमेरिकेने तालिबानशी केलेल्या कराराचं. माहितीचं पान गुरुवारी संध्याकाळी छापायला गेलंच पाहिजे, संक्रांतीला झालं तसं व्हायला नको. आठ मिनिटं, मराठीत. कोण उभं राहतंय?

----

प्रेषक: अप्पा (फेअरफॅक्स)

वहिनी,

वक्ता मिळत नाही याचं मला नवल वाटत नाही. विषयनिवड आजवर मी बघत आलो, या वेळी मला कोणी विचारलं नाही, आणि उदाहरण चुकीचं पडलं. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात सह्या केल्या अमेरिकेचे दूत खलीलझाद आणि तालिबानचे मुल्ला बरादर यांनी. ज्या देशातून सैन्य काढायचं, त्या देशाचं सरकार करारात नव्हतंच. तरी त्या सरकारच्या तुरुंगातले पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सुटतील असं अमेरिकेने परस्पर लिहून दिलं. सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मतदान नाही, काही पुरवण्या गुप्त. हा कागद पुढच्या अध्यक्षाने पाळावा असं छातीठोकपणे कोण सांगणार?

इराकचं उदाहरण घ्या. १७ नोव्हेंबर २००८, बगदाद. ओबामा निवडून येऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि बुश यांचं सरकार सही करून मोकळं झालं: ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळं अमेरिकी सैन्य बाहेर. इराकी संसदेने दहा दिवसांत मतदान घेऊन करार मंजूर केला. इथल्या सेनेटने मात्र त्यावर मत दिलंच नाही. असा करार काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, यायला हवा, असं ओबामा उमेदवार असताना म्हणत होते. पण खुर्चीवर बसल्यावर त्यांनी तो पाळला. शेवटचा ताफा १८ डिसेंबर २०११ ला कुवेतमध्ये शिरला. ठरावाच्या बाजूने याहून भक्कम दाखला मला तरी माहीत नाही. उदाहरण बदला, वक्ता मिळेल.

----

प्रेषक: भाऊ, खजिनदार

तात्त्विक चर्चा चालू दे, पण दोन गोष्टी. हॉल चार ते सातच आहे, सातला दुसऱ्यांचं बुकिंग आहे. दुसरं म्हणजे आपली संस्था करमुक्त आहे. ट्रम्प, बायडन अशी नावं घेऊन मंचावर वाद घातला तर अडचण येणार नाही ना? हे आधी कोणीतरी नीट बघा.

माझं म्हणाल तर मी ठरावाच्या बाजूचा. मागच्या कार्यकारिणीने हॉलचा दोन वर्षांचा करार करून ठेवला. भाडं आम्हाला जड जातंय, तरी पाळतोच आहोत. पण मी बोलायला उभा राहणार नाही, माइक आणि दार दोन्ही माझ्याकडे आहे.

----

प्रेषक: ताई (रॉकव्हिल)

भाऊ, करमुक्त संस्थेला मनाई आहे ती निवडणुकीतल्या उमेदवाराला पाठिंबा देण्याची किंवा विरोध करण्याची. धोरणावर चर्चा चालते, त्यात आजी-माजी अध्यक्षांची नावं येणारच. कोणाला मत द्या हे मंचावरून कोणी सांगायचं नाही, एवढं सूत्रसंचालकाला बजावून ठेवा.

हॉलचा दाखला इथे लागू पडत नाही. तो करार कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव होऊन झाला, म्हणून तो मंडळाचा. इथे प्रश्नच हा आहे की एकट्या अध्यक्षाची सही म्हणजे देशाची सही का. १९७२ च्या कायद्याप्रमाणे असे करार नंतर काँग्रेसला कळवावे लागतात. कळवणं वेगळं आणि संमती घेणं वेगळं.

पण अप्पा, तुम्ही सेनेट सेनेट म्हणताय म्हणून सांगते. तैवानशी १९५४ चा संरक्षण करार सेनेटने रीतसर मंजूर केला होता. डिसेंबर १९७८ मध्ये कार्टर यांनी तो मोडत असल्याचं एकट्याच्या अखत्यारीत जाहीर केलं. सेनेटर गोल्डवॉटर कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या डिसेंबरात मूळ प्रश्नाचा निकाल न देताच प्रकरण काढून टाकलं. म्हणजे दोन-तृतीयांश सेनेटची मोहोरसुद्धा पुढच्याला बांधत नाही. कार्टर यांनी पाळलं काय, तर करारातली एक वर्षाची नोटीस. जून २०२४ मध्ये बायडन आणि झेलेन्स्की यांनी इटलीत दहा वर्षांच्या करारावर सह्या केल्या, त्यातही सहा महिन्यांच्या नोटिशीचं कलम आहेच. माझ्या मते पुढचा नेता बांधला जावा तो एवढ्यापुरताच: बाहेर पडायचं तर करारात लिहिलेल्या वाटेने पडा.

----

प्रेषक: माई (शँटिली)

कलमं वाचून झाली असतील तर थोडं बोलते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या इथल्या डलस एक्स्पो सेंटरमध्ये अफगाण कुटुंबं उतरवली होती. आपल्या मंडळातून कपडे आणि लहान मुलांच्या चपला गोळा केल्या होत्या, तुमच्यापैकी बरेच जण होतात. पुढे त्यातलं एक कुटुंब आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलं. घरातला कर्ता माणूस अमेरिकी सैन्याचा दुभाष्या होता. त्याने एकदा मला फाइल उघडून दाखवली. प्लास्टिकच्या कव्हरात एकामागून एक शिफारसपत्रं, प्रत्येकावर वेगळ्या अधिकाऱ्याची सही आणि तुकडीचा शिक्का. काही पत्रं घड्यांवर फाटलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. बुश यांच्या काळातलं पत्र होतं, ओबामांच्या काळातली होती, ट्रम्प यांच्या काळातलंही. त्याच्या लेखी ती सगळी एकाच देशाची पत्रं होती. त्याचा थोरला भाऊ मागे राहिला तो अजून आलेला नाही.

आता ठरावाबद्दल. बायडन अध्यक्ष झाले तेव्हा अफगाणिस्तानात अडीच हजार सैनिक उरले होते. कैदी केव्हाच सुटले होते. १ मे ही निघण्याची तारीख तालिबानला लिहून दिलेली होती. हा करार मी असा केला नसता, पण तो अमेरिकी सरकारने केलेला आहे, अशा अर्थाचं ते एप्रिलमध्ये बोलले. मला ते अर्धंच खरं वाटतं. करार मोडायचा तर आणखी सैन्य पाठवून नव्याने लढावं लागलं असतं. त्यांचे हात बांधले ते दोह्यातल्या सहीने नव्हे, तर जाणाऱ्याने शेवटच्या वर्षभरात जे करून ठेवलं त्याने. सैन्य कमी करून झालं, कैदी सोडून झाले, की मागाहून आलेला मुखत्यार राहतोच कुठे? तेव्हा पुढच्याने पाळावं का हे विचारण्याआधी, जाणाऱ्याला परत फिरवता न येणारी पावलं उचलायचा हक्क किती, हे विचारा. ठराव तसा फिरवला तर मी स्वतः बोलायला उभी राहते. आहे तसा असेल तर नाही.

----

प्रेषक: बापू (रिचमंड)

माई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता, श्रीलंकेत जाफन्याला, भारताच्या शांतिसेनेत. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि दुसऱ्याच दिवसापासून आपलं सैन्य तिथे उतरू लागलं. १९८९ च्या जानेवारीत प्रेमदासा अध्यक्ष झाले. पंतप्रधान असतानाच त्यांचा त्या कराराला विरोध होता. त्यांनी जुलैअखेर चालते व्हा म्हणून मुदतच दिली. डिसेंबरात दिल्लीतही सरकार बदललं, व्ही. पी. सिंग आले. शेवटची तुकडी निघाली मार्च १९९० मध्ये.

म्हणजे सह्या करणारे दोघंही पदावरून गेले, नवे दोघंही त्या कराराचे नव्हते आणि जवान मात्र तिथेच. आपलं सैन्य जिच्याशी लढत होतं त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेला प्रेमदासांच्या सरकारने हत्यारं पुरवली हे पुढे उघड झालं. ज्या सरकारशी करार म्हणून गेलो त्याच सरकारची हत्यारं समोर! अकराशेच्या वर जवान गेले. आपल्या मुंबईत जन्मलेले मेजर परमेश्वरन, ८ महार पलटण, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आणि सैन्य परत आलं तेव्हा मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. भाऊ पुढे कधी त्या दिवसांबद्दल बोलला नाही, पण स्वागताचा विषय निघाला की उठून आत जायचा.

म्हणून मी ठरावाच्या बाजूने. करार आवडो न आवडो, त्याच्या नावाने गेलेला शेवटचा माणूस सुखरूप परत येईपर्यंत पुढचा नेता बांधलेलाच असला पाहिजे, दोन्हीकडचा. वहिनी, माझं नाव लिहा. रिचमंडहून यायचं आहे, तेवढं पहिल्या वक्त्यात घालू नका.

----

प्रेषक: अप्पा (फेअरफॅक्स)

बापू, भावाबद्दल आदर ठेवून लिहितो, पण श्रीलंकेतून मला उलटाच धडा दिसतो. जयवर्धने यांनी सही केली तेव्हा कोलंबोत संचारबंदी होती, त्यांच्याच मंत्रिमंडळात विरोध होता. प्रेमदासांनी सैन्य घालवीन असं सांगून मतं मागितली आणि लोकांनी ती दिली. मग त्या मतांना काही किंमत आहे की नाही? हत्यारं पुरवणं हे पाप वेगळं. जा म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांचा होताच.

हेच शहाणपणाने कसं होतं ते मालदीवमध्ये बघा. मुइज्जू २०२३ मध्ये भारतीय सैनिकांना परत पाठवू म्हणून निवडून आले. दोन्ही सरकारं बोलायला बसली, १० मे २०२४ ची मुदत ठरली. दोन हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर विमान तिथेच राहिलं, गणवेशातली माणसं परत आली आणि त्यांच्या जागी बिनलष्करी तंत्रज्ञ गेले. रुग्णांना बेटांवरून हलवायचं काम त्यांच्याकडे आलं. बंधन पाळलं म्हणा की मोडलं म्हणा, गोळी चालली नाही.

इराकचं उदाहरण घ्या हे माझं म्हणणं अजून कायम आहे.

----

प्रेषक: वहिनी, कार्यक्रम समिती

बापू, नाव लिहिलं, तुम्हाला तिसरं ठेवते. माई, ठराव आता बदलता येणार नाही, फ्लायर सगळीकडे गेलाय. पण तुमचा प्रश्न श्रोत्यांच्या चर्चेत पहिला घेऊ, त्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवली आहेत. अप्पा, उदाहरण दोहाच राहील, इराकचा एक परिच्छेद तुम्ही लिहून द्या, उद्या दुपारपर्यंत. श्रीलंका बापू बोलतीलच. पानाचा मसुदा जोडला आहे.

----

प्रेषक: ताई (रॉकव्हिल)

वहिनी, मसुदा पाहिला. सैन्य काढण्याची मुदत ११ सप्टेंबर लिहिली आहे, ती एप्रिल २०२१ मधली घोषणा. जुलैमध्ये ती ३१ ऑगस्ट केली आणि शेवटचं विमान काबूलहून ३० ऑगस्टच्या मध्यरात्रीआधी निघालं. शिवाय करार करणारे पक्ष म्हणून 'अमेरिका आणि अफगाणिस्तान' असं छापलंय, तिथे 'अमेरिका आणि तालिबान' हवं. दोन्ही दुरुस्त्या करूनच छापायला पाठवा.