झांझिबार १८९६: खालिद निसटला कसा?

प्रश्न: पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाची गादी खालिद बिन बर्गशने ब्रिटिशांना न जुमानता बळकावली. २७ ऑगस्टला त्यांच्या तोफांपुढे राजवाडा पडला आणि खालिद जर्मन वकिलातीत शिरला. बाहेर ब्रिटिश पहारा होता. मग?

प्रतिसाद १: निसटला नाही, नेला. ब्रिटिशांनी ताबा मागितला, पण १८७२ च्या ब्रिटन-जर्मनी प्रत्यार्पण करारात राजकीय आरोपी वगळलेले होते. जर्मनांनी एवढंच कबूल केलं की झांझिबारच्या मातीला त्याचा पाय लागणार नाही. २ ऑक्टोबरला भर भरतीत 'सीआडलर' या जर्मन युद्धनौकेची होडी थेट वकिलातीच्या बागेच्या फाटकाशी लागली. ओहोटीत मधली किनारपट्टी उघडी पडते. तिथे पाऊल टाकलं की अटक! होडीतून जहाजावर, आणि पुढे तेव्हा जर्मनांच्या ताब्यात असलेलं दार-एस-सलाम.

प्रतिसाद २: ब्रिटिशांनी गादीवर बसवलेला नवा सुलतान हमूद हा खालिदचा चुलतभाऊच, हेही लक्षात घ्या. भाऊबंदकीच ती.

प्रतिसाद ३: खालिदच्या बापाचंही तेच. १८५९ मध्ये बर्गशने भाऊ सुलतान माजिदविरुद्ध बंड केलं, ब्रिटिशांनी ते मोडून त्याला मुंबईला धाडलं. पुढे १८७० मध्ये तोच सुलतान! मुलाला मात्र गादी टिकवता आली नाही: १९१६ मध्ये ब्रिटिशांनी पकडलं, हद्दपार केलं. १९२७ मध्ये मोंबासात वारला.