वाखाउ दरी (ऑस्ट्रिया): मेल्क ते क्रेम्स बोटीने (अनुभव/टिपा)

निवांतराव: कपाट आवरताना मेल्कच्या बोटीचं जुनं तिकीट सापडलं, म्हणून धागा. व्हिएन्नाहून एका दिवसात करायचं तर सकाळी रेल्वेने मेल्क, आधी मठ, दुपारी बोटीने ड्युर्नश्टाइन किंवा थेट क्रेम्स. उलटं करू नका. डॅन्यूब मेल्ककडून क्रेम्सकडे वाहते. अंतर ३६ किमीच्या आसपास, पण प्रवाहाबरोबर साधारण पावणेदोन तास आणि विरुद्ध गेलात तर जवळजवळ तीन. मठातून धक्क्यापर्यंत १५-२० मिनिटं चाल धरा, नाहीतर मठात रेंगाळण्यात बोट जाते. अनुभवींनी भर घाला.

खिडकीवाली: आधी उजवीकडे बसा, श्योनब्युहेलचा किल्ला आणि आग्श्टाइनचा पडका किल्ला तिकडे. श्पिट्स गावापासून बघण्यासारखं सगळं डावीकडे. खरं तर खुर्ची धरून ठेवण्यात अर्थ नाही, धक्क्याला लागताना बोट बहुधा गिरकी घेऊन तोंड प्रवाहाकडे करते. वरच्या डेकवर जा. टोपी सांभाळा.

पोटोबा: जर्दाळू!! जुलैत जा. जॅम घेतलात तर बरणी चेक-इन बॅगेत. विमानतळावर जॅम द्रवात मोडतो, बऱ्याच ठिकाणी १०० मिलीच्या वर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.

खिडकीवाली: @पोटोबा धागा बोटीचा आहे हो 😄

पोटोबा: बोटीतूनच बागा दिसतात की!

घाटवाट: ड्युर्नश्टाइनला उतरलात तर किल्ला सोडू नका. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात इथेच कैदेत होता. १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने उडवला, आता नुसत्या भिंती. चढ अर्ध्या तासाचा, खडबडीत. चपला नकोत. पाणी खालूनच घ्या.

नवखा: दोन बोटींच्या मधे किल्ला होईल का?

घाटवाट: पुढची बोट कधी ते उतरल्या उतरल्या फलकावर बघा, मग ठरवा. शेवटची गेली तरी रडू नका, ७१५ नंबरची बस (पूर्वीची डब्ल्यूएल १) क्रेम्सला जाते.

आगगाडी: सामान लॉकरमध्ये टाकून निघणाऱ्यांनो, मेल्कची थेट गाडी व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्टेशनवरून सुटते आणि क्रेम्सहून परतणारी व्हिएन्नातल्याच फ्रान्स-योसेफ्स-बानहोफला पोचते. स्टेशनं वेगळी! शिवाय क्रेम्सचा धक्का श्टाइनकडे आहे, तिथून रेल्वे स्टेशन चालत अर्धा तास.

मनीमाऊ: विलेनडॉर्फ गाव राहिलंच. डावा काठ. ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ ही अश्मयुगातली ११ सेंमीची स्त्रीमूर्ती १९०८ मध्ये तिथे सापडली. खरी मूर्ती मात्र व्हिएन्नाच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात.

निवांतराव: हंगाम सांगायचा राहिला. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. मोठ्या पावसाने नदी चढली की पुलाखालची उंची कमी होते आणि लाटांनी काठ धुपतात, म्हणून वाहतूक बंद ठेवतात. आदल्या रात्री वेळापत्रक बघाच.

पोटोबा: आणि श्पिट्सची तराफा-फेरी? इंजिनच नाही! आडव्या तारेला बांधलेली, तिरकी धरली की प्रवाहच ढकलतो. आर्न्सडॉर्फला उतरा, तिकडेही जर्दाळूच.