ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे देऊन छापणं नव्हे

ताई, तुमच्या भाचीनं तोंडाच्या कॅन्सरवर पेपर लिहिलाय, तो कुठं छापावा असा प्रश्न आहे. 'ओपन ॲक्सेसच्या (म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलच्या) नादी लागू नको, पैसे देऊन छापतात' असं इथं एकांनी सांगितलंय. मला हे अर्धंच खरं वाटतं.

मी राजारामपुरीत पॅथॉलॉजी लॅब चालवते. मशेरी, तंबाखू-चुन्यानं गाल आतून पांढरा पडलेल्या माणसाचा तुकडा तपासायला येतो. एखाद्या स्लाइडवर अडले की रात्री नऊला पेपर शोधते. जर्नल्स वाचायला मिळावीत म्हणून सरकारचं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, पण ते सरकारी संस्थांसाठी. माझ्यासारखीला जे खुलं आहे तेच वाचता येतं. तुमच्या भाचीचा पेपर खुला असेल तर तो माझ्यापर्यंत पोचेल, कुलपात असेल तर नाही.

पैसे उकळणारी फसवी जर्नल्स आहेतच. मीही फसले होते. चार दिवसांत 'ॲक्सेप्टेड'ची मेल, रिव्ह्यू (तज्ज्ञांचा अभिप्राय) जेमतेम दोन ओळींचा आणि लगेच बिल. पेपर मागं घेते म्हटलं तर त्याचेही पैसे मागितले! अजून राग येतो.

म्हणून जर्नलचं नाव आधी डीओएजेच्या, म्हणजे पारखून घेतलेल्या ओपन ॲक्सेस जर्नलच्या यादीत शोधायला सांगा. 'ईकॅन्सरमेडिकलसायन्स' हे कॅन्सरचंच जर्नल लेखकाला झेपेल तेवढीच फी घेतं, तिथं जरूर बघा. बाकी ठिकाणी फीमधल्या सवलतीबद्दल पेपर पाठवण्याआधीच विचारायचं. भारताची अर्थव्यवस्था मोठी म्हणून काही प्रकाशक आपल्याला सवलतीच्या यादीतून वगळतात.

आणि हो, पेशंटचा फोटो घालणार असेल तर लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवू दे.